डबे, मेस, पोळी-भाजी केंद्र, बचत गट, कॅटरिंग: अन्न सुरक्षा ट्रेनिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेनिंगच्या आधी फोनवर, मधल्या चहाच्या सुट्टीत आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथेच घोळ जास्त होतो. काही दोन ओळींत संपतात.

आमचा घरगुती डब्याचा धंदा आहे, पंधरा-वीस डबे जातात. आम्हाला कशाला हे ट्रेनिंग?

पैसे घेऊन खायला देता ना, मग कायद्याच्या नजरेत तुम्ही अन्न व्यावसायिकच. एफएसएसएआयची (केंद्र सरकारची अन्न सुरक्षा संस्था) नोंदणी घरगुती डब्यालाही लागते आणि तो चौदा आकडी नंबर नुसता फ्रेम करून लावायचा नसतो. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे, त्याखाली २०११ चे लायसन आणि नोंदणीचे नियम आहेत, त्यातल्या शेड्यूल चारमध्ये स्वच्छतेचे नियम दिलेत आणि ते गाडीवाल्यापासून कारखान्यापर्यंत सगळ्यांना ज्याच्या त्याच्या प्रमाणात लागू आहेत. पण कायदा एका बाजूला ठेवा. घरातल्या चार माणसांचा स्वयंपाक आणि पन्नास डब्यांचा स्वयंपाक यात मोठा फरक आहे तो वेळेचा. घरी आपण अकराला करतो आणि साडेबाराला जेवतो. डब्याचं जेवण पहाटे पाचला शिजतं, आठला भरलं जातं आणि गिऱ्हाईक ते दीडला उघडतं, मधले सगळे तास ते कोमट असतं. त्रास होतो तो बहुतेक वेळा याच मधल्या तासांमुळे, स्वयंपाकघर चकाचक असलं तरी होतो.

फोस्टॅक म्हणजे नक्की काय? सक्तीचं आहे का?

एफएसएसएआयने २०१७ मध्ये सुरू केलेला ट्रेनिंग आणि सर्टिफिकेटचा कार्यक्रम. बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि स्पेशल असे प्रकार आहेत, रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी वेगळा कोर्स आहे, कॅटरिंगचा वेगळा, दूध, बेकरी, मांस-मासे यांचे वेगळे. कॅटरिंगचा बेसिक साधारण चार तासांचा, अ‍ॅडव्हान्सला पूर्ण दिवस जातो. शेवटी परीक्षा असते, तिला घाबरू नका, प्रश्न रोजच्या कामातलेच असतात.

लायसनवाल्या, म्हणजे नुसती नोंदणी पुरत नाही अशा मोठ्या धंद्यांसाठी नियम असा की दर २५ कामगारांमागे एक तरी ट्रेनिंग झालेला फूड सेफ्टी सुपरवायझर हवा. २५ पेक्षा कमी माणसं असली तरी एक हवाच. या सुपरवायझरने परत जाऊन बाकीच्यांना शिकवायचं असतं. हा भाग सगळे सोयीस्कर विसरतात, सर्टिफिकेट ऑफिसच्या भिंतीवर जातं आणि मोरीपाशी भांडी घासणाऱ्या मावशींपर्यंत काहीच पोचत नाही.

सर्टिफिकेट किती वर्षं चालतं? आणि तो माणूस काम सोडून गेला तर?

दोन वर्षं. सर्टिफिकेट त्या माणसाच्या नावावर असतं, हॉटेलच्या नाही, त्यामुळे तो गेला की तेही गेलं. म्हणून मालकाने किंवा घरच्या माणसाने स्वतः करून घेतलेलं बरं, आचारी दिवाळीनंतर गावाला गेला की परत येईलच असं नसतं.

वीस वर्षं स्वयंपाक करतोय, आजपर्यंत कुणाला काही झालं नाही. चार तासांत तुम्ही काय नवीन सांगणार?

हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो आणि विचारणारे बहुतेक वेळा सगळ्यात चांगले आचारी असतात. स्वयंपाक कसा करायचा हे आम्ही सांगतच नाही. पण "कुणाला काही झालं नाही" हे तुम्हाला कळणार कसं? सॅल्मोनेलाने पोट बिघडायला सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. टायफॉइडचा ताप आठवड्याने किंवा तीन आठवड्यांनीही येतो, कावीळ अ असेल तर पंधरा ते पन्नास दिवस जातात. तेवढ्यात तो माणूस दहा ठिकाणी जेवलेला असतो, तुमच्याकडे तक्रार घेऊन कोण येणार. तो गुपचूप मेस बदलतो आणि तुम्हाला वाटतं त्याची बदली झाली.

हात धुवायला शिकवता म्हणे. हसू येतं हो.

हसू येऊ दे, पण वर्गात एकदा करून बघतो आपण. हाताला चमकणारी पावडर लावतात, नेहमीसारखे हात धुवायला सांगतात आणि मग निळ्या दिव्याखाली हात धरतात. अंगठ्याचा मागचा भाग, नखांच्या कडा, अंगठीखालची जागा, बांगड्यांच्या वरचं मनगट, सगळं चमकत असतं. मग कुणी हसत नाही.

वीस सेकंद साबणाने चोळायचं, नळाखाली नुसते हात ओले करणं म्हणजे धुणं नाही. पण कसे धुवायचे याच्यापेक्षा कधी धुवायचे हे जास्त महत्त्वाचं आहे: संडासला जाऊन आल्यावर, कच्चं चिकन, मटण, मासे, अंडी हाताळल्यावर, कचऱ्याच्या बादलीला हात लागल्यावर, नाक-डोकं खाजवल्यावर, पैसे घेतल्यावर, तंबाखू मळल्यावर (हो, हेही आहे, आणि तंबाखू स्वयंपाकघरात चालत नाही) आणि मोबाइलला हात लावल्यावर. मोबाइल हा नवा शत्रू आहे, एका हाताने पोळी शेकायची आणि दुसऱ्या हाताने ऑर्डर अ‍ॅक्सेप्ट करायची हे सर्रास चालतं. ऑर्डरचा फोन काउंटरवरच्या माणसाकडे द्या, विषय संपला.

आणि एक, हात धुवायची जागा वेगळी ठेवा. ज्या सिंकमध्ये चिकन धुतलं जातं तिथेच हात धुतलात तर काय साधलं? वेगळं सिंक बसवायला जागा नसेल तर तोटीवाली टाकी, खाली बादली आणि शेजारी साबण, एवढं तरी करा. गाडीवर हेच चालतं.

सॅनिटायझर लावला तर चालेल ना, धुवायला वेळ नसतो.

हाताला कणीक, तेल, मसाला असेल तर सॅनिटायझर काही कामाचा नाही. शिवाय उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस नावाचा जो व्हायरस आहे त्याच्यावर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. साबण-पाणी आधी, सॅनिटायझर वाटलं तर नंतर.

ग्लोव्ज घातले की झालं ना?

नाही झालं. ग्लोव्ज घातलेला माणूस जास्त बिनधास्त होतो हे मी कितीदा तरी पाहिलंय, त्याच ग्लोव्जने पैसे, त्याच ग्लोव्जने फडकं, त्याच ग्लोव्जने कांदा-कोथिंबीर. ग्लोव्ज घालायच्या आधी हात धुवायचे, काम बदललं की ग्लोव्ज बदलायचे, फाटले की टाकायचे. हे जमणार नसेल तर स्वच्छ धुतलेले हात आणि चिमटा-चमचा बरे.

कामगाराला सर्दी-खोकला किंवा पोटाचा त्रास असेल तर सुट्टी द्यायची? मग काम कोण करणार?

जुलाब, उलट्या, ताप किंवा कावीळ असेल तर अन्नाला हात लावायचा नाही, यात तडजोड नाही. बिल करायला बसवा, माल मोजायला लावा. बरं वाटल्यावरही दोन दिवस तरी अन्नापासून लांब. आणि पगार कापू नका, पगार कापलात की पुढच्या वेळी तो त्रास लपवून कामावर येणार, हे सरळ आहे.

हाताला कापलं, भाजलं, गळू झालं असेल तर वॉटरप्रूफ पट्टी आणि वरून ग्लोव्ज. पट्टी निळी मिळाली तर निळीच घ्या, जेवणात पडली तर लगेच दिसते, कारण निळ्या रंगाची भाजी आपण करत नाही. जखमेतल्या पुवात आणि निरोगी माणसाच्या नाकातही स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात, साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात ते असतातच. खव्याची मिठाई, क्रीम, हाताने वळलेले पदार्थ यातून जो झटपट उलट्यांचा त्रास होतो तो बऱ्याचदा यांचा.

वर्षातून एकदा मेडिकल करायला सांगतात. तब्येत ठणठणीत असेल तरी?

तरीही. शेड्यूल चारमध्ये वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडसारख्या आतड्याच्या आजारांची लस सांगितलेली आहे. ठणठणीत दिसणारा माणूसही जंतू वाहू शकतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं, मेरी मॅलन नावाची न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण. तिला स्वतःला काही होत नव्हतं पण ती ज्या घरी स्वयंपाकाला जाई तिथे टायफॉइड निघे. १९०७ मध्ये तिला पकडून वेगळं ठेवलं, स्वयंपाकाचं काम करणार नाही या अटीवर १९१० मध्ये सोडलं, आणि १९१५ मध्ये ती नाव बदलून एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करताना सापडली. तिच्या हातचं पीच घातलेलं आइस्क्रीम हे कारण असावं असं तपास करणाऱ्यांना वाटलं, कारण ते शिजवायचं नसतं. आपल्याकडे त्या जागी कोशिंबीर, चटणी, पाणीपुरीचं पाणी आणि फ्रूट सॅलड धरा. शिजल्यावर हात लागतो किंवा शिजवतच नाही, असे पदार्थ.

थर्मामीटर कशाला? आम्ही हात लावून सांगतो गरम आहे का.

हाताला पन्नास डिग्री पण चांगलंच गरम लागतं आणि पन्नास डिग्रीला अन्न सुरक्षित नसतं. लक्षात ठेवायचे आकडे एवढेच: ५ ते ६० डिग्री सेल्सियस हा धोक्याचा पट्टा, थंड ठेवायचं ते ५ च्या खाली, गरम ठेवायचं ते ६० च्या वर. शिजवताना आणि परत गरम करताना आतपर्यंत ७५. फ्रोझन माल उणे १८. सुईचा डिजिटल थर्मामीटर एका वेळच्या गॅस सिलिंडरपेक्षा स्वस्तात येतो. बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतो का बघायचं, वापरल्यावर दर वेळी पुसून निर्जंतुक करायचा, कच्च्या चिकनमधून काढून तसाच खिरीत घालायचा नाही.

भाताने पण त्रास होतो म्हणता? भात तर उकळलेला असतो.

भाताबद्दल कुणालाच पटत नाही म्हणून जरा नीट सांगते. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूंचे बीजाणू असतात, हे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात शिजला, पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवला, हळूहळू कोमट झाला की ते बीजाणू जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे रात्रीचा ओट्यावर राहिलेला भात सकाळी कितीही खरपूस फोडणी देऊन परतला तरी फोडणीचा भात वासाला छान आणि खाल्ल्यावर तास-दोन तासांत उलटी, असं होऊ शकतं. लग्नातला जिरा राइस, चायनीजच्या गाडीवरचा दुपारी शिजवून रात्री परतलेला भात, सगळं यातच आलं.

उपाय अवघड नाही. उरलेला किंवा नंतर लागणारा भात परातीत, ट्रेमध्ये पातळ पसरायचा, वाफ गेली की छोट्या डब्यांत भरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मोठं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि शेजारचं दूधही तापतं. मटणाच्या, चिकनच्या रश्श्याचंही तेच, मोठ्या भगोण्यात रात्रभर राहिलेल्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो, त्याचा पोटात मुरडा आणि जुलाब आठ ते सोळा तासांनी. रस्सा लवकर निववायचा तर छोट्या टोपांत ओता, टोप बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि ढवळत राहा.

पण परत खळखळून उकळलं की सगळं मरतंच ना?

जंतू मरतात, त्यांनी आधीच सोडून ठेवलेलं विष प्रत्येक वेळी मरत नाही. वर सांगितलेला भात एक, स्टॅफिलोकोकसचं विष दुसरं. तिसरं कोकणातल्या मंडळींसाठी: बांगडा, सुरमई, टूना असे मासे बर्फाविना उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, ते तळून जात नाही, शिजवून जात नाही, फ्रीझ करून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंग खाजतं, डोकं दुखतं, लोक म्हणतात मासळीची अ‍ॅलर्जी झाली. मासळी घेतानाच बर्फात घ्या, बर्फात आणा.

वास नाही, चव बरी आहे, मग खराब कशावरून?

वास आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बहुतेक वेगळे. आंबलेलं कुणी खातच नाही, त्यामुळे माणसं आजारी पडतात ती वासाला चांगल्या असलेल्या जेवणाने. "चाखून बघते" ही तपासणी नाही. कधी केलं, किती वाजता झाकलं, कधी फ्रिजमध्ये गेलं हे डब्यावर पट्टी लावून मार्करने लिहा.

चिकन धुवायचं की नाही? धुवू नका म्हणतात ते पटत नाही.

पटत नाही हे माहितीये, पण नळाखाली चिकन धुताना जे शिंतोडे उडतात ते ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर आणि तुमच्या अंगावर जातात आणि चिकनमधले जंतू पाण्याने निघत नाहीत, शिजवल्यानेच मरतात. अगदीच धुवायचं असेल तर भांड्यात पाणी घेऊन अलगद धुवा, धार सोडू नका, आजूबाजूला काही ठेवू नका आणि नंतर सिंक साबणाने आणि मग क्लोरीनच्या पाण्याने साफ करा.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गिया-बारे सिंड्रोमचे पेशंट अचानक वाढले, हातापायातली ताकद जाणारा आजार. काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशय मुख्यतः पाण्यावर होता. हाच जंतू कच्च्या कोंबडीतही राहतो, म्हणून तेव्हा पाणी उकळून प्या आणि चिकन पूर्ण शिजवा अशा सूचना निघाल्या होत्या. नुसते जुलाब होऊन भागत नाही, कधी कधी माणूस व्हेंटिलेटरवर जातो, एवढ्यासाठी हे सांगितलं. चिकन खाणं बंद करा असं कुणी म्हणत नाहीये. हाडापाशी गुलाबी राहता कामा नये, तेवढं बघा.

रंगीत कटिंग बोर्ड घ्यायलाच हवेत का?

घेतलेत तर चांगलं, लाल कच्च्या मांसाला, निळा मासळीला, हिरवा भाजीला. नसतील परवडत तर दोन पाट आणि दोन सुऱ्या, एक कच्च्या मांसाहाराला आणि एक बाकी सगळ्याला, आणि कुणीही आलं तरी कळेल अशी खूण करून. चिकन कापलेल्या पाटावर कांदा चिरला तर चिकन शिजेल हो, तो कांदा कच्चाच ताटात जाणार. फ्रिजमध्येही हेच, कच्चं मांस सगळ्यात खालच्या कप्प्यात झाकून, शिजलेलं वर, म्हणजे रक्ताचं पाणी गळलं तरी बासुंदीत पडणार नाही. आणि फ्रिज ठासून भरू नका, आत हवा फिरली नाही की पाच डिग्री नुसते डायलवर राहतात.

फडक्याबद्दल एवढं का बोलता?

कारण माझ्या मते आपल्या स्वयंपाकघरातली सगळ्यात घाण वस्तू तीच. एकाच ओल्या फडक्याने ओटा, हात, ताटाची कड, मग खुर्ची. ओलं, कोमट, अन्नाचे कण असलेलं, जंतूंना अजून काय पाहिजे. ओट्याचं वेगळं, हाताचं वेगळं, जमिनीचं वेगळं ठेवा. रोज रात्री उकळत्या पाण्यात घालून उन्हात वाळवा. ताट पुसायला कागदी रुमाल वापरा किंवा ताट निथळू द्या.

पाणी टँकरचं आहे, विहिरीचं आहे. काय करायचं?

पिण्यायोग्य पाणी फक्त प्यायला नको, भाजी धुवायला, पीठ मळायला, भांडी शेवटी विसळायला आणि बर्फालाही तेच. गावात टीसीएल पावडर (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) टाकतात, ती किती टाकायची हे ग्रामपंचायतीतल्या आरोग्यसेवकाला विचारा आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची तपासणी) करून घ्या, अंदाजाने मूठभर टाकू नका. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो, डबा घट्ट बंद ठेवा. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच लिहून ठेवा. कोथिंबीर, पालक, सॅलडची भाजी आधी माती जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायची, मग ५० पीपीएम (लिटरला ५० मिलिग्रॅम) क्लोरीनच्या पाण्यात बुडवायची आणि परत चांगल्या पाण्यात.

बर्फाचं थोडक्यात: महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करणं बंधनकारक केलं. निळा बर्फ मासळी आणि माल गार ठेवायला. उसाच्या रसात, गोळ्यात, ताकात तो जाता कामा नये, आणि पांढरा दिसतोय म्हणून खाण्याचाच असेल असंही धरू नका, कारखान्याचा लायसन नंबर मागा.

सप्ताह, भंडारा, महाप्रसाद, गणपतीचं जेवण: तिथे पण हे सगळं?

तिथे तर जास्तच, कारण हजार माणसं एकाच पातेल्यातलं खातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताहात एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोकांना त्रास झाला. हॉस्पिटलात खाटा पुरेनात, बाहेर उघड्यावर दोऱ्या बांधून त्याला सलाईनच्या बाटल्या टांगल्या, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

भगरीचं प्रकरण दर नवरात्रात, श्रावणात, महाशिवरात्रीला कुठे ना कुठे होतं. भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी येते आणि तिच्यापासून फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषं तयार होतात, दमट आणि उष्ण हवेत जास्त. सुट्टी भगर घेऊ नका, पाकीटबंद, तारीख बघून घ्या. भगरीचं पीठ तर विकत घेऊच नका, लागेल तेवढंच घरी दळा, पिठात ओल लवकर शिरते. मागच्या उपासाची उरलेली भगर या उपासाला नको. आणि शेंगदाणेही निवडून घ्या, काळे-खवट दाणे कुटात घालून दडवायचे नसतात. उपासाच्या दिवशी पोट रिकामं, त्यात सगळं पचायला जड, त्यामुळे थोडा दोषही लवकर जाणवतो असं माझं मत.

महाप्रसादाला अजून दोन गोष्टी. खव्याचे पेढे-मोदक आदल्या दिवशी करून मांडवात उघडे ठेवू नका. आणि वाढप लांबलं तर मोठं पातेलं एकदाच खाली उतरवण्यापेक्षा दोन-तीन टप्प्यांत शिजवा, आचारी कुरकुर करतो पण करतो.

जंतूंशिवाय अजून कशाने अन्न बिघडतं?

केसापासून पिनेपर्यंत वस्तू पडतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण रसायनांकडे दुर्लक्ष होतं. १६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं गेली. जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. तिथे जंतूंचा काही संबंध नव्हता, उकळूनही काही फरक पडला नसता. म्हणून फिनेल, अ‍ॅसिड, झुरळांचं औषध, उंदराचं औषध हे किराण्याच्या खोलीत नको, वेगळ्या कुलुपबंद कपाटात ठेवा आणि औषधाचे रिकामे कॅन धुवून तेला-पाण्याला वापरायचे नाहीत, कितीही मजबूत दिसले तरी. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

शाळेच्या पोषण आहाराच्या ताईंना खास सांगणं, वाढायच्या आधी शिक्षकांनी चव घेण्याचा नियम आहे तो सही करून उरकायचा नाही, खरंच खायचं. वास वेगळा वाटला, मुलं चव विचित्र आहे म्हणाली, तर तिथेच थांबवा, कोण ओरडेल याचा विचार नको.

वडापाव पेपरमध्ये बांधला तर? तेल किती वेळा वापरायचं?

छापील वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे. गरम तेलाने शाई सुटते आणि तो पेपर कुठे कुठे फिरून आलेला असतो ते कुणाला माहीत. कोरा फूड ग्रेड कागद घ्या किंवा पानावर द्या. तेलाचं म्हणाल तर जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायचं नाही असा नियम आहे, मोजायचं मीटर मिळतं. मीटर नसेल तर तेल काळं, चिकट झालं, फेस धरायला लागलं, लवकर धूर सोडायला लागलं की ते संपलं. नवीन तेल ओतून जुनं वाढवत राहणं ही सगळ्यात वाईट सवय. जुनं तेल बायोडिझेलसाठी घेऊन जाणारे असतात, नाल्यात ओतू नका आणि स्वस्तात गाडीवाल्याला विकू नका.

आमचं जेवण खाऊन कुणाला त्रास झाला असा फोन आला तर?

पहिल्यांदा उरलेलं जेवण फेकू नका. घाबरून लोक सगळं ओततात, भांडी घासतात, आणि मग कारण कधीच कळत नाही. त्या दिवशीचं सगळं विकणं थांबवा, उरलेलं झाकून, नाव-तारीख लिहून फ्रिजमध्ये वेगळं ठेवा. माणसाला डॉक्टरकडे पाठवा, किती जणांनी काय खाल्लं आणि किती वाजता त्रास सुरू झाला हे लिहून घ्या. एकापेक्षा जास्त जणांना झालं असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसला स्वतःहून कळवा. मोठी ऑर्डर करणाऱ्यांनी प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ डब्यात दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवायची सवय लावावी, वाटीभर भाजी जाते पण दोष तुमचा नसेल तर तो डबाच तुम्हाला वाचवतो.

तपासणीला साहेब आले तर काय बघतात?

लायसन समोर लावलंय का, मेडिकल आणि पाणी तपासणीचे रिपोर्ट, पेस्ट कंट्रोलचं बिल, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, सुट्ट्या मिठाईवर बेस्ट बिफोर लिहिलंय का (२०२० पासून सक्ती), बिलावर लायसन नंबर आहे का (२०२२ पासून). आणि नजर फिरते ती मोरीकडे, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का याकडे, आणि संडासपाशी साबण आहे का याकडे. साबण संपलेला असतो, हे मी पैजेवर सांगते.

मराठीत शिकवतात का? आमच्याकडचे दोघं बिहारचे आणि एक नेपाळी आहे.

मराठी बॅच असतात, हिंदी पण, नाव देतानाच भाषा विचारून घ्या. परप्रांतीय पोरांना हिंदी बॅचलाच पाठवा, मराठीत बसवून माना डोलवायला लावण्यात अर्थ नाही. लिहिता-वाचता येत नसलं तरी पाठवा, आधी ट्रेनरला सांगून ठेवा.

एकच माणूस पाठवू शकतो. मालकाने यायचं की आचाऱ्याने?

आचाऱ्याला पाठवलंत तर त्याला काय करायचं ते कळेल पण थर्मामीटर, दुसरा पाट, हात धुवायची टाकी यासाठी पैसे कोण देणार हा प्रश्न राहतो. मालक आला तर पैसे सुटतात पण पहाटे पाचला तो तिथे नसतो. एकच जागा असेल तर जो रोज पातेल्यापाशी उभा असतो त्याला पाठवा आणि तो परत आल्यावर जी यादी देईल ती त्याच आठवड्यात आणून द्या.